सहावा महिना : बीसीएल-११ए या जनुकाची ओळख

सिकलसेल घेऊन जन्मलेलं मूल पहिले काही महिने अगदी चांगलं असतं. अंगावर पितं, वजन धरतं, मान सावरतं, ओळखीचं माणूस दिसलं की हसतं. मग सहावा महिना उलटतो आणि एका सकाळी त्याचे हातपाय सुजलेले दिसतात. मूल हात लावू देत नाही, रडं थांबत नाही. पुढच्या महिन्यांत ताप येतो, ओठ पांढरे पडतात, डोळ्यांत पिवळी छटा दिसते, पोटात डाव्या बाजूला पाणथरी हाताला लागते. डॉक्टरांना हे चित्र ओळखीचं असतं. घरच्यांना मात्र त्याचा अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागत नाही तेव्हा बोट बहुधा आईकडे वळतं. बाळंतपणात तिनं काय खाल्लं, तिन्हीसांजेला बाळाला घेऊन कुठं गेली, कुणाची नजर पडली. आजार जन्माचा असता तर जन्मतःच दिसला नसता का, असं घरातली वडीलधारी माणसं विचारतात. प्रश्न रास्त आहे. वैद्यकशास्त्राला त्याचं नेमकं उत्तर सापडायला २००८ साल उजाडावं लागलं.

त्या उत्तरात एका जनुकाचं नाव आहे : बीसीएल-११ए. ते तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्याची जागा आहे, आणि त्याची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून आलेली असते. ही पुस्तिका त्या जनुकाविषयी आहे.

ती लिहिली आहे धाकटी डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी. आशाताई, अंगणवाडीताई, आश्रमशाळांतले शिक्षक, अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलंमुली, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे ती माणसं. इतक्या अवघड नावाच्या जनुकावर पाड्यावरच्या वाचकांसाठी पुस्तिका कशाला, असं विचारणारे भेटतील. माझं म्हणणं असं की या जनुकाची गोष्ट इथल्या माणसांच्या रक्तातली आहे. ती समजली तर आईवरचा आळ उतरतो आणि मुलाचे पहिले सहा महिने वाया जात नाहीत. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे गुजरातच्या बाजूचे तालुके. २०११च्या जनगणनेत डहाणूतले दोन-तृतीयांशाहून जास्त आणि तलासरीतले दहात जवळपास नऊ लोक आदिवासी नोंदले गेले. त्यांत वारली सर्वांत जास्त. शिवाय कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी, मल्हार कोळी. किनाऱ्यावर मांगेला आणि इतर मच्छीमार समाज. धाकटी डहाणू हे खाडीकाठचं मासेमारीचं गाव. बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव ही या किनाऱ्याची खूण. बोटींवर खलाशी म्हणून चढणारी माणसं मात्र बरीचशी आतल्या पाड्यांतली असतात, आणि त्यांतली कितीतरी पुढे सौराष्ट्रातल्या वेरावळ, पोरबंदर, ओखा अशा बंदरांपर्यंत कामाला जातात. समुद्र आणि डोंगर इथं असे एकमेकांत मिसळलेले आहेत, म्हणून या पट्ट्यातल्या आरोग्याचा विचार करताना किनारा वेगळा आणि जंगलपट्टी वेगळी असं करून चालत नाही.

सिकलसेलचं जनुक जगात जिथं टिकून राहिलं तिथं हिवतापानं पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडलेलं होतं. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं, हे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. भारतात हा आजार १९५२मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत पहिल्यांदा नोंदला गेला. महाराष्ट्रात त्याचा माग काढण्यात डॉ. सुदाम काटे यांचं आयुष्य गेलं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून आणि पुढे महाराष्ट्र आरोग्य मंडळातून त्यांनी दुर्गम भागांत रक्ततपासण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचं त्यांच्या कामातून पुढे आलं. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तलासरीची हद्द ओलांडली की वलसाड जिल्हा लागतो. तिथं डॉ. यझदी इटालिया यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासींत हेच काम उभं केलं, त्यातून गुजरातचा राज्यव्यापी कार्यक्रम आकाराला आला, आणि त्यांनाही २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. वारली, कोकणा, धोडी, दुबळा या जमाती सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. सोयरीक सीमा बघून होत नाही, त्यामुळे जनुकही बघत नाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सिकलसेल हा ‘आदिवासींचा आजार’ असं सर्रास बोललं जातं. विदर्भात तो अनुसूचित जातींच्या आणि इतर मागासवर्गीय समाजांच्या हजारो घरांत आहे. कुठल्याही जमातीवर शिक्का मारायला हे ज्ञान वापरलं गेलं, तर ते न मिळालेलं बरं, असं मी म्हणेन.

आता मूळ मुद्दा. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं, दोन अल्फा आणि दोन बीटा. सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. व्हर्नन इनग्राम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७च्या सुमारास हा फरक शोधला. डीएनएच्या एका अक्षराची ही चूक. पण तेवढ्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्यांसारखं होतं, पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठर बनते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अडकते तिथं वेदना. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे होतात.

गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाच्या जागी गॅमा नावाची साखळी असते. हे गर्भ-हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं, त्यामुळे आईच्या रक्तातून तो ओढून घेणं बाळाला जमतं. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात साठ ते ऐंशी टक्के हिमोग्लोबिन या जातीचं असतं. गॅमाचं जनुक वेगळं आहे, त्यात सिकलसेलची चूक नसते. शिवाय गर्भ-हिमोग्लोबिन आजूबाजूच्या सदोष हिमोग्लोबिनला दोऱ्यांत गुंफलं जाऊ देत नाही. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना १९४८मध्येच हे खटकलं होतं. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच कमी दिसतात, आणि याचं कारण गर्भ-हिमोग्लोबिन असावं, असं त्यांनी लिहून ठेवलं.

जन्मानंतर शरीर गॅमा बंद करत जातं आणि बीटा वाढवत जातं. सहा महिन्यांत हा बदल बराचसा पुरा होतो. प्रौढ माणसात गर्भ-हिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास उरतं. म्हणजे सिकलसेलचं बाळ पहिले महिने निर्दोष साखळीच्या भरवशावर काढतं, आणि ती बंद झाली की सदोष साखळीची पाळी येते. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. आजार जन्माचाच होता, बाळपणाच्या रक्तानं तो झाकून धरला होता. आईनं काही केलेलं नाही, कुणाची नजर लागलेली नाही. हा बदल जगातल्या प्रत्येक बाळात होतो.

पण तो करतं कोण? वॉटसन यांच्या निरीक्षणानंतर साठ वर्षं याचा पत्ता लागला नाही, आणि लागला तो अनपेक्षित ठिकाणी. काही निरोगी प्रौढांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन आयुष्यभर भरपूर राहतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. अशा माणसाला सिकलसेल असला तरी त्रास अगदी कमी होतो. इतरांच्या तुलनेत या लोकांच्या डीएनएत काय वेगळं आहे, हे हजारो माणसांच्या नमुन्यांवरून शोधता येऊ लागलं ते २००७-०८च्या सुमारास. लंडनच्या अभ्यासात, इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या अभ्यासात आणि अमेरिकेतल्या अभ्यासात बोट एकाच जागी गेलं : दुसरं गुणसूत्र, बीसीएल-११ए. २००८च्या डिसेंबरमध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेतून विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की हेच जनुक गॅमाला बंद करतं. तांबड्या पेशी तयार करणाऱ्या पेशींत बीसीएल-११ए कमी केलं, की गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढलं.

हे ऐकून कर्करोगाच्या अभ्यासकांनी चमकून पाहिलं असेल, कारण ते या जनुकाला आधीपासून ओळखत होते. २०००च्या सुमारास उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगात एक विषाणू वारंवार ज्या जागेजवळ घुसलेला सापडला, ती जागा याच जनुकाची होती. २००१मध्ये माणसांच्या लसिका पेशींच्या कर्करोगांत दुसऱ्या आणि चौदाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीएल-११ए भलत्याच जोमानं चालू झालेलं दिसलं. त्याचं नावही त्या कर्करोगावरूनच पडलं. सात-आठ वर्षं हे जनुक कर्करोगाच्या खात्यात होतं आणि हिमोग्लोबिनवाल्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

या जनुकापासून तयार होणारं प्रथिन ‘दमनकारी’ आहे, म्हणजे दुसऱ्या जनुकांचं वाचन थांबवणारं. एखाद्या जनुकापासून प्रथिन तयार व्हायचं तर आधी त्या जनुकाची आरएनएमध्ये नक्कल निघावी लागते. बीसीएल-११ए डीएनएवर ठरावीक अक्षरांच्या ओळीपाशी जाऊन बसतं. गॅमाच्या बाबतीत ती जागा जनुकाच्या तोंडापासून ११५ अक्षरं आधी आहे, हे २०१८मध्ये नक्की झालं. तिथं बसून ते इतर प्रथिनांना बोलावतं, ती प्रथिनं डीएनएची गुंडाळी घट्ट करतात आणि नक्कल काढणारी यंत्रणा आत शिरू शकत नाही. बोटीवर तांडेल स्वतः जाळं ओढत नाही, कुठं थांबायचं ते ठरवून हाक देतो आणि खलाशी कामाला लागतात. हे प्रथिन तसं काम करतं.

असं थांबवणारं जनुक चांगलं की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. बीसीएल-११ए नसेल तर बी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशी, तयारच होत नाहीत, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून २००३मध्ये दिसलं. मेंदूच्या घडणीतही त्याचा वाटा आहे. ज्यांच्यात त्याची एक प्रत जन्मतः निकामी असते अशा मुलांचं वर्णन २०१६मध्ये प्रसिद्ध झालं; या मुलांची बौद्धिक वाढ मंद होते आणि त्यांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन जास्त सापडतं. उलट बाजूनं, जिथं ते गप्प असायला हवं तिथं चालू झालं की कर्करोगाला हातभार लागतो. केंब्रिजमधल्या वालिद खालेद यांच्या गटानं २०१५मध्ये स्तनाच्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ कर्करोगात हे जनुक फार सक्रिय असल्याचं दाखवलं. संप्रेरकांवरची औषधं या प्रकाराला लागू पडत नाहीत, आणि भारतीय स्त्रियांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा जास्त आहे. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगातही ते नंतर सापडलं. एकाच जनुकाचं रक्तात एक काम, मेंदूत दुसरं, आणि चुकीच्या जागी चालू झालं की तेच घातक. कर्करोग म्हणजे बहुतेक वेळा शरीराची एखादी नेहमीची, आवश्यक व्यवस्था जागा किंवा वेळ चुकून चालू राहणं असतं. हे मुलांना शिकवताना या जनुकाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

म्हणूनच सिकलसेलवर उपाय म्हणून बीसीएल-११ए शरीरभर बंद करणं शक्य नव्हतं. वाट दाखवली ती २०१३च्या एका शोधानं. ऑर्किन यांच्याच प्रयोगशाळेत डॅनियल बाउर यांना या जनुकाच्या आत, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात, एक छोटा तुकडा सापडला. हा तुकडा तांबड्या पेशींच्या कुळातच बीसीएल-११एचा जोर वाढवतो. तो तोडला तर रक्तात गॅमा परत चालू होतो आणि मेंदूला, बी पेशींना धक्का लागत नाही. जनुकात नेमक्या जागी काप घेण्याचं क्रिस्पर तंत्र तोवर हाताशी आलं होतं. त्याबद्दल जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शारपांतिए यांना २०२०चं नोबेल मिळालं. जुलै २०१९मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे यांना अशा दुरुस्त केलेल्या स्वतःच्याच पेशी परत देण्यात आल्या. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं ‘कॅसजेव्ही’ या नावानं या उपचाराला मंजुरी दिली. क्रिस्परवर आधारलेला जगातला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही तीव्र वेदनेचा झटका आला नाही.

ज्या माणसानं सिकलसेलची वेदना पाहिली आहे त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या आसपास. रुग्णाच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत काप घेऊन, परत देण्याआधी कर्करोगात वापरतात तसं जबर औषध देऊन त्याची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका आहे आणि कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं. कॅसजेव्हीसोबत त्याच दिवशी अमेरिकेत मंजूर झालेल्या दुसऱ्या एका उपचारात विषाणूच्या मार्फत नवं जनुक पेशीत सोडतात. त्याच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा द्यावा लागला. भारतातही काम सुरू आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेनं स्वतःचं क्रिस्पर तंत्र विकसित केलं आहे, आणि बिरसा मुंडा यांच्या नावानं ‘बिरसा १०१’ असं नाव दिलेला सिकलसेलवरचा उपचार नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाला. त्यासाठी पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट सोबत आहे. हा उपचार स्वस्त व्हावा, तलासरीच्या मुलाला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. तो येईपर्यंत मात्र मूल थांबणार नाही.

आज हातात असलेलं औषध आहे हायड्रॉक्सियुरिया. १८६९मध्ये प्रथम बनवलेलं हे रसायन पुढे रक्ताच्या कर्करोगावर वापरात आलं, आणि मग ते गर्भ-हिमोग्लोबिन वाढवतं हे लक्षात आलं. १९९५च्या अमेरिकी चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्यानं कमी झाले. म्हणजे जे काम क्रिस्पर बीसीएल-११एला गाठून करतं, त्याच दिशेचं, कमी ताकदीचं काम एक साधी कॅप्सूल रोज करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी मुलांना वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा देऊन ती उपयोगी पडते हे दाखवलं. कमी मात्रेला रक्ततपासण्याही कमी लागतात, आणि दूरच्या पाड्यावरून येणाऱ्या आईच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, गरोदरपणात घ्यायचं नाही. आणि ते मिळत राहिलं पाहिजे. दोन महिने मिळालं, तिसऱ्या महिन्यात साठा संपला, बसभाडं खर्चून आलेली आई रिकाम्या हातानं परतली, असं झालं की ती पुन्हा येत नाही. यात तिची चूक नाही.

भारतीय रुग्णांत एक जमेची बाजू आहे. इथल्या सिकलसेलचा जनुकीय वाण ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखला जातो आणि त्याच्यासोबत गर्भ-हिमोग्लोबिन तुलनेनं जास्त राहतं. त्यामुळे काही मुलांत त्रास उशिरा सुरू होतो, काहींत सौम्य राहतो. सहावा महिना ही सगळ्यांसाठी ठरलेली तारीख नाही. कुणाला पहिला झटका दोन वर्षांचं झाल्यावर येईल, कुणाला शाळेत गेल्यावर. सौम्य आहे म्हणून सोडून द्यावा असा मात्र हा आजार नव्हे. विदर्भातल्या वॉर्डांनी त्याची तीव्र रूपंही भरपूर पाहिली आहेत.

पुस्तिकेतलं तपासणीचं प्रकरण आशाताईंनी आधी वाचावं. गावपातळीवर जी सोल्युबिलिटी चाचणी होते, रक्ताचा थेंब द्रावणात टाकून गढूळपणा बघायची, ती सहा महिन्यांखालच्या बाळात फसवू शकते. कारण तेच : बाळाच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन भरलेलं असतं, ते विरघळतं, द्रावण स्वच्छ दिसतं आणि आजार असलेलं बाळ ‘निगेटिव्ह’ ठरतं. नवजात बाळाची टाच टोचून घेतलेल्या थेंबाची एचपीएलसीसारख्या यंत्रावर तपासणी करावी लागते. ही खटपट कशासाठी? सिकलसेलमध्ये पाणथरी लवकर निकामी होते आणि न्यूमोकॉकससारखे जंतू लहान मुलाला काही तासांत संपवू शकतात. अमेरिकेत १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज तोंडानं पेनिसिलिन दिलेल्या लहान मुलांत अशा संसर्गाचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे न्यूमोकॉकसची लस २०१७पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी लसीकरणात आली आणि २०२१पर्यंत देशभर पोचली. म्हणजे बीसीएल-११ए गॅमा बंद करायला जे सहा महिने घेतं, ते आपल्याला तयारीसाठी मिळालेले असतात. निदान सातव्या महिन्यात झटक्यानंतर झालं तर ही सवलत हातची गेलेली असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून सिकलसेल संपवणं, हे त्याचं उद्दिष्ट. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. गर्भातल्या बाळाला सिकलसेल आहे का, याची तपासणी तिथं होते. यंत्रणा नाही असं म्हणता येणार नाही. पण तपासणीचे आकडे वाढणं आणि तपासलेल्या माणसाला त्याच्या निकालाच्या कार्डाचा अर्थ कळणं, यांत अजून बरंच अंतर आहे. कार्ड पेटीत ठेवून लग्न ठरवलेली जोडपी या पट्ट्यात कमी नसतील.

त्या कार्डाविषयी थोडं बोलतो. वाहक आजारी नसतो. त्याला काम करता येतं, लग्न करता येतं, तो इतरांसारखाच जगतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब चालत नाही. आणि सदोष प्रत दोघांकडून आल्याशिवाय आजार होत नाही, म्हणून दोष एकट्या सुनेचा ठरवणं जीवशास्त्रालाच धरून नाही. हे सासरच्या माणसांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओट्यावर बसून सांगावं लागेल. भगताकडे लोक जातात ते आधारासाठी. त्याचा अपमान करून कुणी दवाखान्यात येत नाही. त्यालाच सहाव्या महिन्याची गोष्ट समजावून सांगितली तर तो मुलाला दवाखान्यात पाठवील, असं मला वाटतं.

रक्त मागायला गेल्यावर इथली माणसं बिचकतात, याचं कारण अज्ञानात शोधणं मला पटत नाही. याच तालुक्यांत १९४५मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला, गोदावरी परुळेकर त्यात उभ्या राहिल्या. कागदावर अंगठा उठवून घेणाऱ्या बाहेरच्या माणसानं काय काय नेलं, हे इथल्या घरांच्या आठवणीत आहे. नमुना घेणाऱ्यानं तो कशासाठी घेतला, निकाल कधी मिळेल आणि तो कुणाला दाखवला जाणार नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. निकाल घरी पोचवलाच पाहिजे. जनुकांची माहिती ज्याची आहे त्याची राहिली पाहिजे.

शेवटी कामाविषयी. पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम, ताप, ऑक्सिजन कमी असणं यांनी पेशी विळ्यासारख्या होण्याचा वेग वाढतो. आता इथली कामं आठवून पाहा. उन्हातली वीटभट्टी, मिठागर, रात्रीच्या गार वाऱ्यात भिजल्या अंगानं जाळं ओढणं, आठवडेच्या आठवडे समुद्रात मोजून मिळणारं गोडं पाणी. सिकलसेलग्रस्त तरुणानं खलाशी होऊ नये असं लिहिणं सोपं आहे, पण त्याच्या घरात चूल त्यावरच पेटत असते. म्हणून पुस्तिकेत बोटमालक आणि तांडेलांसाठी वेगळं पान ठेवलं आहे : अशा माणसाला जास्त पाणी, कोरडे कपडे, विश्रांती, आणि छातीत दुखून धाप लागली तर किनाऱ्याकडे वळणं. धाकटी डहाणूच्या मच्छीमार संस्थांनी ते पान बंदरावर लावावं, ही विनंती.

जनुकशास्त्राचा सगळा विस्तार या पानांत नाही. गॅमा बंद करणारं बीसीएल-११ए एकटं नाही, त्याला साथ देणारी इतर प्रथिनं आहेत. त्यांचा उल्लेख ओझरता केला आहे. कर्करोगाचं प्रकरण मुद्दाम ठेवलं, कारण वर्गात मुलं तेच आधी विचारतील. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी पहिलं आणि तपासणीचं प्रकरण वाचलं तरी चालेल.

आशाताई, तुमच्या पाड्यावर आई-वडील दोघांचंही कार्ड वाहकाचं असेल, तर बाळाच्या जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात टाचेच्या रक्ताच्या तपासणीचा आग्रह धरा. सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. सहा महिन्यांनी तपासणी पुन्हा करून घ्या, आणि निकाल दोघांना एकत्र बसवून सांगा.